जॅक ओरिजिनल आहे का? ओळखायचा कसा?

जॅक म्हटलं की आपल्याला डिकीत स्टेपनीजवळ पडलेलं, पंक्चर झाल्यावरच आठवणारं लोखंड दिसतं. पण युरोप-अमेरिकेत जुन्या स्पोर्ट्स कार्स जपणारे लोक या लोखंडासाठी चांगले पैसे मोजतात, कारण अशा गाड्यांच्या स्पर्धांत परीक्षक टूलकिटसुद्धा तपासतात. आणि पैसा आला की नकली माल आलाच! मग गाडीबरोबर कंपनीने दिलेला जॅक ओळखायचा कसा? क्रम लक्षात ठेवा.

१) आधी गाडी बघा. १९५०च्या दशकातल्या ट्रायम्फ टीआर२, टीआर३ या गाड्यांना वेगळी चॅसी होती. तिथे फ्लोअरमधलं रबरी बूच काढून जॅक चक्क गाडीच्या आतून खाली चॅसीला लावायचा. एमजीबीला (१९६२ ते १९८०) वेगळी चॅसीच नाही. तिच्या दाराखालच्या सिलमध्ये प्रत्येक बाजूला एक सॉकेट असतं, त्यात जॅकचा दांडा बसतो. म्हणजे एकीचा जॅक दुसरीला चालणारच नाही. जॅक बसत नसेल, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

२) मग ठसा बघा. गाडीच्या कंपन्या जॅक बहुधा बाहेरून घ्यायच्या. पोर्शे ३५६ आणि सुरुवातीच्या ९११चे जॅक जर्मनीच्या बिलस्टाइनचे. आज शॉक ॲब्सॉर्बरसाठी प्रसिद्ध असलेली ही कंपनी १८७३ साली खिडक्यांच्या फिटिंग्जपासून सुरू झाली. त्यामुळे जॅकवर पोर्शेचं नाव नाही म्हणून तो नकली ठरत नाही. पण बिलस्टाइनने इतर गाड्यांचेही जॅक बनवले, म्हणून नुसत्या नावावर भुलू नका. पायरी १ आधी!

३) तारीख जुळवा. काही जॅकवर महिना-वर्ष ठोकलेलं असतं. समजा गाडी मार्च १९६७ची आहे. जॅकवर ९/६६ असेल तर ठीक, कारण पार्ट आधी बनतो, गाडी नंतर. ८/६७ असेल तर जॅक नंतर आलेला, मग तो कितीही चकचकीत असो.

४) झीज तपासा. गंज मुद्दाम चढवता येतो, पण वापर लपत नाही. आटे आणि सॉकेटमध्ये बसणारा दांडा इथेच झीज दिसायला हवी. ठशाची अक्षरं पुसट, गोलसर असतील, तर जुन्या जॅकवरून साचा काढल्याची शंका घ्या. नव्या रंगाचा जाड थर असेल, तर खाली काय झाकलंय ते विचारा.

चारही पायऱ्या पास झाल्या तरी एवढंच सिद्ध होतं की जॅक त्या मॉडेलचा आणि त्या काळातला आहे. ‘याच गाडीबरोबर आला’ असं म्हणायला जुनी कागदपत्रं लागतात, कारण जॅकवर सहसा गाडीचा नंबर नसतो. विकणाऱ्याने हा फरक सांगितला नाही, तर ती फसवणूकच.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. मशीन डिझाइनमध्ये आपण पॉवर स्क्रू शिकतो. स्क्रू सेल्फ-लॉकिंग असला की लोड आपोआप खाली येत नाही. पण झिजलेले आटे आणि सडलेली सिल हे गणित मानत नाहीत. ओरिजिनल जॅक शोकेससाठी ठेवा. गाडीखाली जायचं असेल तर मजबूत स्टँड लावूनच जा. जॅक पुन्हा मिळेल, आपण नाही!