आई-बाबांसह फुलांच्या डोंगरावर

जुलै-ऑगस्टमध्ये सिअॅटल भागातल्या अनेक घरी भारतातून आई-बाबा आलेले असतात आणि एखाद्या शनिवारी गाडी माउंट रेनिअरकडे वळते. तिथले पॅराडाइज ५,४०० फुटांवर आहे. अल्टा व्हिस्टाची वाट जाऊन-येऊन जेमतेम पावणेदोन मैलांची, पण तीत ६०० फुटांचा चढ आहे. तेव्हा "एवढंसं तर चालायचंय" म्हणण्यापूर्वी थोडी तयारी हवी.

या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. खरी काळजी डायबेटिसची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर चालताना एकदम उतरू शकते. कधी काही तासांनी, रात्री झोपेतसुद्धा. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. "दमले असतील" म्हणून आपण नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतो. निघताना साखर तपासावी आणि ग्लुकोजच्या गोळ्या त्यांच्याच खिशात द्याव्यात (गाडीत राहिलेल्या लाडवांच्या डब्याचा काय उपयोग?). औषधाचा डोस मात्र आपल्या मनाने कमी करू नये. आधीच डॉक्टरांना विचारावे. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी किती प्यावे हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

चढताना गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेवावा. छातीत दडपण आले तर ॲसिडिटीवर ढकलू नये. बसवावे आणि लगेच मदत मागवावी. फोन लागेलच याची खात्री नसते, म्हणून एकट्याला मागे सोडू नये. जुलैत वाटेवर बर्फ असू शकतो. चपला नकोत, आणि उतरताना गुडघ्यांसाठी काठी हवी.

कासचे पठार पावसावर फुलते, इथली कुरणे बर्फ वितळल्यावर. निळे ल्युपिन, लाल पेंटब्रश, पांढरी ॲव्हलांच लिली! फुलपाखरांचे उडण्याचे स्नायू उन्हात तापल्याशिवाय ती उडत नाहीत, त्यामुळे आजी-आजोबा सावकाश आले तरी काही चुकत नाही. फोटोसाठी कुरणात मात्र शिरू नये. तुडवलेली झाडे सावरायला वर्षानुवर्षे लागतात.

आता पैशांचे. पाहुण्यांच्या अनेक मेडिकल पॉलिसींत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. ते कलम सहलीआधी वाचावे. आणि ६२ वर्षांवरील व्यक्तींचा सीनिअर पास फक्त अमेरिकन नागरिक व ग्रीनकार्डधारकांना मिळतो, व्हिजिटर व्हिसावरील आई-बाबांना नाही.