फोर्कलिफ्टची देखभाल: दहावीनंतरची एक भक्कम वाट

भिवंडी, चाकण, न्हावा शेवा... जिथे मोठी गोदामं उभी राहिली तिथे फोर्कलिफ्ट आल्याच. मुलगा किंवा मुलगी ‘या लाइनमध्ये जाते’ म्हणाली की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे आधी अपघात येतो. भीती रास्त आहे. दोन टन माल उचलणाऱ्या या गाडीचं स्वतःचंच वजन तीन टनांच्या वर असतं. पण ती चालवणं हे एक काम आणि तिची देखभाल हे दुसरं. बारकाईने पाहायची सवय असलेल्या मुलांना मी हे दुसरं काम मनापासून सुचवतो.

त्यात काय असतं? एकच तपासणी घ्या. माल उचलणारा काटा जिथे वाकून उभा होतो, तिथे सगळा ताण येतो. त्याची जाडी कॅलिपरने मोजतात. मूळची 50 मिलिमीटर जाडी 45 वर आली की काटा बाद. दहा टक्के झीज म्हणजे ताकद जवळजवळ वीस टक्क्यांनी कमी. आणि नुसत्या नजरेला ती कळतही नाही. ट्रक दारात उभा असतो, सुपरवायझर म्हणतो, “आजच्या दिवस चालवून घ्या.” तेव्हा आकडा दाखवून गाडी बंद ठेवायची, हीच या पेशाची खरी कसोटी.

स्वतःचा जीव जपण्याचेही नियम आहेत. हायड्रॉलिक होजची बारीक गळती कधीही हाताने चाचपायची नाही. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकतं. गळती पुठ्ठा धरून शोधतात. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून तिथे हवा खेळती हवी आणि ठिणगी नको.

या कामासाठी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा ट्रेड एका वर्षाचा, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. लवकर कमावता यावं म्हणून घरचे पहिल्याकडे झुकतात. माझं मत दुसऱ्याला. बंदिस्त गोदामात धूर चालत नाही, त्यामुळे तिथे बॅटरीच्या गाड्या जास्त. शिवाय दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पुढे सुरक्षा क्षेत्रात जायचं असेल, तर मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम आहे.

सुरुवातीचा पगार बेताचा असतो, रात्रपाळी असते, पुष्कळ जागा कंत्राटी असतात. हे मुलांपासून लपवू नका. अप्रेंटिसशिपला पाठवण्याआधी पालकांनी तिथे जाऊन विचारावं: शिकाऊ मुलांवर देखरेख कोणाची? मास्ट, म्हणजे काटे उचलणारा उभा सांगाडा, वर असताना खाली काम करायचं तर तो अडकवून ठेवायची सोय आहे का? आणि मेकॅनिकने नापास केलेल्या गाडीची चावी कोणाच्या ताब्यात असते? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर दुसरी जागा बघा.