ताडपत्रीची बुरशी: ती काढावी कशी, टाळावी कशी



जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात वस्त्रावरील चट्ट्यांविषयी नियम दिलेले आहेत. लोकरीच्या किंवा तागाच्या कापडावर हिरवट अथवा तांबूस चट्टा दिसला की ते याजकाला दाखवायचे. याजक ते सात दिवस बाजूला ठेवी. चट्टा पसरला तर कापड जाळायचे. पसरला नाही तर धुऊन आणखी सात दिवस ठेवायचे. धुतल्यावर चट्टा फिका झाला तर तेवढाच तुकडा फाडून काढायचा. हा चट्टा बुरशीचाच असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तंबूत राहणाऱ्या त्या लोकांना कापडाची किंमत ठाऊक होती.

आपल्यालाही ती ठाऊक असायला हवी. आता प्लॅस्टिकची ताडपत्री स्वस्त मिळते. तरी जाड सुती कॅनव्हासची जुनी ताडपत्री अनेक घरांत आणि चर्चच्या कोठीत अजून आहे. सणाच्या मंडपाला तीच आणि मळणीच्या वेळी भाताच्या राशीवर तीच. खानापूरच्या जंगलपट्ट्यात काय किंवा गोव्यात काय, चार महिने हवा ओली. मंडप सोडला, ताडपत्री घाईने गुंडाळून कोपऱ्यात टाकली, आणि पुढच्या वेळी उघडली तर कुबट वास व काळे ठिपके!

बुरशी का लागते?

बुरशीचे बीज हवेत सगळीकडे असते, ते कोणालाच टाळता येत नाही. त्याला रुजायला ओल, बंद हवा आणि खाद्य एवढेच लागते. कापसाचा धागा हेच तिचे खाद्य. म्हणून ती केवळ वर बसत नाही, धागाच खाते आणि कापड कुजते. त्यावर माती, पालापाचोळा किंवा शेण राहिले तर तिचे अधिकच फावते. प्लॅस्टिक ती सहसा खात नाही, पण त्यावरच्या मळावर तीही वाढते.

धोका कापडापुरता नाही

कुजलेली ताडपत्री गळते आणि खालचे धान्य भिजते. भिजलेल्या मक्यावर आणि भुईमुगावर एका जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर घाला घालते आणि रांधल्याने जात नाही. 1974 साली गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानमधील बांसवाडा भागात अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन काविळीची साथ आली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. ती गरीब कुटुंबे होती. घरात दुसरे धान्य नव्हते, म्हणून त्यांनी ते खाल्ले. बुरशी आलेले धान्य माणसाला नको आणि गुराढोरांनाही नको.

शिवाय बुरशीची धूळ नाकातोंडात गेली की खोकला येतो आणि दमेकऱ्याचा दमा उसळतो. बुरशीच्या गवतात व धान्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांना कायमची इजाही होते.

सफाईची रीत

1. कोरडा, उन्हाचा दिवस निवडावा. ताडपत्री घरात न झटकता अंगणात दोरीवर पसरावी. लहान मुले व दमेकरी दूर राहावेत. काम करणाऱ्याने नाकातोंडावर मास्क लावावा, निदान जाड रुमाल तरी बांधावा, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.

2. दोन्ही बाजू उन्हात वाळल्यावर मऊ ब्रशने बुरशी झाडावी. तारेचा ब्रश वापरू नये, धागे तुटतात.

3. एक भाग पांढरे व्हिनेगर व चार भाग पाणी एकत्र करून डागांवर लावावे. अर्ध्या तासाने हलके घासून स्वच्छ पाण्याने धुवावे. लहान डागाला लिंबाचा रस व मीठ चोळून उन्हात ठेवले तरी चालते. मात्र मीठ पूर्ण धुऊन काढावे, कारण मीठ हवेतील ओल ओढते. कोणताही उपाय आधी एका कोपऱ्यावर करून पाहावा.

4. ब्लीचिंग पावडर वापरू नये. तिने डाग जाईल, पण धागा कमजोर होईल. ती व्हिनेगरमध्ये तर कधीच मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

5. काळा डाग थोडा राहिला तर वाईट वाटून घेऊ नका. वास गेला आणि कापड मजबूत असले की पुरे. डागाची जागा दोन्ही हातांनी ताणून पाहावी. फाटली तर तेवढा भाग कापून ठिगळ लावावे. लेवीयातील नियमही हेच सांगतो.

6. धुतल्याने पाणी अडवण्याचा गुण कमी होतो. त्यासाठी एक जुनी रीत आहे. एक लिटर गरम पाण्यात सुमारे 100 ग्रॅम साधा धुण्याचा साबण किसून विरघळवावा. कपडे धुण्याची पावडर चालत नाही. हे पाणी कापडात मुरवून वाळवावे. नंतर एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम तुरटी विरघळवून ती वरून लावावी. साबण व तुरटी मिळून पाण्यात न विरघळणारा थर धाग्यात बसतो.

पुन्हा लागू नये म्हणून

सगळ्यात मोठा नियम एकच: ओली ताडपत्री कधीही घडी करू नये. सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मंडप सोडण्याची घाई असते, पण तेव्हा कापडावर दव असते. ऊन चढू द्यावे. वरून कोरडी वाटली तरी शिवण, काठ आणि दोरी ओवायची भोके हाताने चाचपावीत, कारण ओल तिथेच दडते. पावसातच काढावी लागली तर ती तात्पुरती गुंडाळावी आणि पहिली उघडीप मिळताच पसरावी.

ठेवताना जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. फळीवर अथवा आढ्याला दोरीने बांधून, सैल घडी करून ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. पावसाळ्यात ऊन पडेल तेव्हा, महिन्यातून एकदा तरी, वारा द्यावा. राशीवर घातलेली ताडपत्रीही सकाळी ऊन आल्यावर उघडावी. दमट भाताची वाफ आतून कापडाला लागते आणि खाली थेंब पडतात. साठवण्याचे भात चांगले वाळलेले, म्हणजे ओल 14 टक्क्यांच्या आत, असावे.

चर्चच्या ताडपत्रीचे काय? ती सर्वांची असते, म्हणून तिला वाळवणारा कोणीच नसतो. प्रत्येक वाड्याने एकेका सणानंतर ही जबाबदारी घ्यावी. जो मंडप सोडील, त्यानेच कापड वाळवून कोठीत ठेवावे.

संत पौल करिंथ शहरात अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचा धंदा करीत असे. सुवार्ता सांगणाऱ्या त्या हातांना जाड कापड शिवण्यात कमीपणा वाटला नाही. आपणही ते जपण्यात कमीपणा मानू नये. एका उन्हाच्या दिवसाची मेहनत कापड वाचवते, त्याखालचे धान्य वाचवते, आणि ते धान्य खाणारी आपली लेकरेही.