भाताचे पान आणि सूर्यप्रकाश

भाताचे पीक जमिनीतून येते, असे आपण म्हणतो. परंतु वाळलेल्या दाण्याचे व पेंढ्याचे बहुतेक वजन हवेतील कर्बवायू आणि पाणी यांपासून पानांत घडलेले असते. जमिनीतून येणारी खनिजे वजनाने थोडी, पण अत्यावश्यक असतात. ही घडण होण्यास जी शक्ती लागते ती सूर्यप्रकाशातून मिळते. शहापूर तालुक्यातील सापगावसारख्या भातसाकाठच्या गावी खरिपात आभाळ कित्येक दिवस झाकोळलेले असते. अशा वेळी मिळेल तो प्रकाश पानांनी पुरेपूर टिपणे अगत्याचे आहे.

पान प्रकाश कसे टिपते?

पानाच्या पेशींत सूक्ष्म हरितकण असतात. त्यांतील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश विशेषेकरून शोषून घेते. हिरवा प्रकाश त्यामानाने कमी शोषला जातो. म्हणून पान हिरवे दिसते. शोषलेल्या शक्तीने पाण्याचे विघटन होते, प्राणवायू बाहेर पडतो व उरलेली शक्ती रासायनिक रूपात साठते. या साठ्याच्या बळावर कर्बवायूपासून साखर तयार होते. तिचेच पुढे दाण्यात पिठूळ द्रव्य बनते. हरितद्रव्याच्या घडणीत नत्र व मॅग्नेशियम असतात. त्यामुळे नत्र कमी पडल्यास पान पिवळे पडते व त्याची प्रकाश टिपण्याची शक्ती घटते.

सोपे प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग शेतकऱ्यांना अवश्य दाखवावा. नदीच्या डोहातील ताज्या पाणवनस्पतीची डहाळी, कापलेले टोक वर ठेवून, स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात बुडवावी. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. भांडे उन्हात ठेवले असता टोकातून बुडबुडे निघू लागतात. एका मिनिटात किती निघतात ते मोजावे. नंतर भांडे दाट सावलीत ठेवून काही मिनिटांनी पुन्हा मोजावे. बुडबुडे कमी झालेले दिसतील. सावलीतील भाताच्या पानाचे कामही असेच मंदावते.

शेतात काय करावे?

१. रोपे २१ ते २५ दिवसांची झाल्यावर लावणी करावी. हळव्या जाती १५ × १५ सेंटीमीटर, तर निमगरव्या व गरव्या जाती २० × १५ सेंटीमीटर अंतरावर लावाव्या. एका चुडात दोन-तीन रोपे पुरेत. दाट लावणीत खालची पाने सावलीत राहतात. विरळ लावणीत प्रकाश उघड्या जमिनीवर वाया जातो.

२. नत्र खत एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे. एकाच वेळी जादा नत्र दिल्यास पीक माजते, लोळते आणि पाने एकमेकांवर सावली धरतात.

३. बांधावरील झाडांच्या खाचरावर आलेल्या फांद्या लावणीपूर्वी छाटाव्या. त्यासाठी झाड तोडण्याचे कारण नाही.

४. पोटरीपासून दाणा भरेपर्यंत वरची पाने हिरवी व निरोगी राखावी. दाण्यातील पिठूळ द्रव्याचा मोठा भाग निसवल्यानंतरच तयार होतो. करपा व पाने गुंडाळणारी अळी यांवर या काळात बारीक नजर ठेवावी. खाचरात पाणी कमी पडू देऊ नये.

आभाळ केव्हा उघडावे हे आपल्या हाती नाही. परंतु ते उघडेल तेव्हा खाचरातील पाने हिरवी, मोकळी व निरोगी असावीत, एवढी तयारी प्रत्येक शेतकऱ्यास करता येईल.