खोटी वाम, खरं पाणी

आमच्या बदलापूरला समुद्र नाही, पण समुद्राचं वेड लागायला किनाऱ्यावरच राहायला हवं असं कुठे आहे? बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची आम्ही काही मंडळी सुट्टीच्या दिवशी पहाटेची लोकल पकडतो आणि ठाणे, नेरूळ करत उरण गाठतो. जानेवारी 2024मध्ये रेल्वे थेट उरणपर्यंत गेली आणि पीरवाडी, करंजा हे किनारे आमच्या आवाक्यात आले. तिथे गरवायला बसणारे बहुतेक जण गळाला कोळंबी नाहीतर बोईटाचा तुकडा लावतात. मी रबराची वाम, म्हणजे वाम माशाच्या आकाराचं खोटं आमिष, लावतो. त्या वीतभर रबराने मला जे शिकवलं, ते सांगावंसं वाटतं.

1. सगळा जीव शेपटीत असतो. रबरी वाम घेताना लोक रंग बघतात, डोळे बघतात. मी शेपटी दोन बोटांत धरून बघतो. टोकाकडचा पदर इतका पातळ हवा की नुसती फुंकर मारली तरी थरथरला पाहिजे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या मेव्हगिसी गावातून आलेली ‘रेड गिल’ ही वाम याच शेपटीमुळे जगभर गाजली. तिकडे वाळूत लपणाऱ्या बारीक माशाची ती नक्कल. आपल्याकडच्या पाण्यात ती एखाद्या वाकटीसारखी दिसत असावी. रील भराभर फिरवलं की वाम नुसती गरगरते आणि दोरीला पीळ बसतो. हळू ओढली तरच ती पोहते. घाईची सवय झालेल्या, रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला हे अंगी बाणवणं फार जड जातं, आणि म्हणूनच ते मोलाचं आहे.

2. गढूळ पाणी म्हणजे अंधार, हा माणसाचा समज. आपल्या किनाऱ्याचं पाणी चिखलाचं. हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात माशाला रबर दिसणार तरी कसं, हा प्रश्न मला कितीतरी दिवस छळत होता. उत्तर माशाच्या अंगावर आहे. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी पार्श्वरेषा पाण्यातली बारीकशी थरथरही टिपते. तेव्हापासून गढूळ पाण्यात मी गडद रंगाची, जाड शेपटीची वाम लावतो आणि तिला खालच्या थरात चालवतो. आपल्याला जिथे काही दिसत नाही तिथे दुसऱ्या जिवाला सगळं कळत असतं, ही जाणीव मला दरवेळी नम्र करते.

3. समुद्राचं घड्याळ चंद्राकडे आहे. आमचं आयुष्य 6:12 आणि 7:03च्या लोकलच्या हिशेबात चाललेलं. करंज्याच्या एका वयस्क कोळी काकांनी मला सोपा हिशेब सांगितला, “तिथीला पाऊणने गुण, भरतीची वेळ मिलंल.” चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. अंदाजच तो, पण कोकणात पिढ्यानपिढ्या चालत आलेला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात धावतं, अष्टमी-नवमीच्या भांगाला सुस्त असतं. मासा बहुधा वाहत्या पाण्यात खातो. ओहोटी लागली की खाडीतली बारीक मासळी बाहेर ओढली जाते आणि मोठे मासे तोंडाशी टपून असतात. आता सुट्टीचा अर्ज लिहिण्याआधी माझी नजर कालनिर्णयवर जाते.

4. थांबणं हीसुद्धा हालचाल आहे. वाम ओढत राहिलं की मासा मागे येतो. क्षणभर सोडून दिली की बऱ्याचदा त्याच वेळी घेतो. खाडीच्या तोंडाशी टपणारा जिताडा मासा चावत नाही, तो झटक्यात तोंड उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. पृष्ठभागाजवळ हे घडलं तर ‘धप्प’ असा जाड आवाज येतो आणि हातातला रॉड वाकतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, दोरी सहज कापते. म्हणून दोरीच्या टोकाला जाड नायलॉनचा तुकडा, म्हणजे लीडर, लागतोच. मासा हातात घेताना बोटंही त्या कडेपासून जपावी लागतात.

5. मोठा जिताडा बहुतेक वेळा आई असते. हे कळलं त्या दिवसापासून माझा आनंदच बदलला. जिताडा नर म्हणून प्रौढ होतो आणि पुढे काही वर्षांनी, आकाराने मोठा झाल्यावर मादी होतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी घालणारे ते हेच मोठे मासे. त्यांची पिल्लं भरतीबरोबर खाडीत, खाजणात, कमी खारट पाण्यात शिरतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात तळ्यांत जिताडा वाढवायची रीत उभी आहे ती याच पिल्लांवर. म्हणून घरच्यापुरता मध्यम मासा ठेवावा आणि मोठा पाण्यात सोडावा, असं मला मनापासून वाटतं. सोडताना उभा टांगू नये. दोन्ही हातांनी आडवा धरून, त्याला दम येईपर्यंत पाण्यातच आधार द्यावा.

6. आपला छंद हे कुणाचं तरी पोट असतं. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात. कोळीवाड्यात त्या काळात जाळी विणली जातात, होड्या रंगवल्या जातात आणि उधारीवर घर चालतं. माशांच्या विणीसाठी कोळी एवढं सोसत असतील, तर आम्ही हौशी लोकांनीही त्या दिवसांत रॉड भिंतीला टेकवून ठेवावा. खडकांवर तेव्हा उभं राहणंही जिवावरचंच. 27 जुलै 2019ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली होती. ते पाणी पाहिलेल्या माणसाला पावसाळ्याची ताकद वेगळी सांगावी लागत नाही.

7. समुद्र आमच्या घरामागून सुरू होतो. घाटात उगम पावलेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला खाडी होते. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी उल्हासनगरमधून सगळी घाण आणि रासायनिक सांडपाणी घेत तिथेच येते. पुढे मुख्य प्रवाह वसईकडे जातो आणि एक फाटा ठाणे खाडीला जोडला जातो. ती खाडी मुंबई बंदरात उघडते, आणि बंदराच्या तोंडाशी करंजा आहे. म्हणजे मी दोन गाड्या बदलून ज्या पाण्यात गळ टाकतो, त्यात माझ्याच गावाचं पाणी मिसळलेलं असतं. जिताड्याच्या पिल्लाला वर गोड्या पाण्याकडे यायचं असतं, आणि त्याची वाट आमच्या नाल्यांनी अडवलेली आहे. हे मला खिन्न करतं आणि कामालाही लावतं.

म्हणून सगळ्या गरवणाऱ्यांना विनंती: फाटलेली रबरी वाम आणि तुटलेली दोरी खडकात टाकू नका, खिशात घालून घरी आणा. रबर म्हटलं तरी ते प्लास्टिकच. कुजत नाही आणि मासे ते गिळतात. आणि जे गरवत नाहीत त्यांनी एवढं करावं: आपल्या इमारतीमागचा नाला कुठल्या नदीला आणि कुठल्या खाडीला मिळतो, ते एकदा शोधून बघावं.