तडा गेलेले साइड पॅनेल

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात मोटारसायकलच्या फुटक्या प्लॅस्टिकवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि मला पुरती समजली असे म्हणता येईल अशी विद्या सध्या एवढीच आहे.

आमचे दादा आंदर मावळातून दूध गोळा करून कान्हे फाट्यावर आणतात. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना किटल्या. गेल्या पावसाळ्यात डाव्या पॅनेलला तडा गेला. मी टपरीवरून झटपट चिकटणारा गोंद आणला, वरून ओतला आणि ऐटीत "झाले" म्हणून सांगितले. तिसऱ्या दिवशी टाकव्याच्या रस्त्यावर पॅनेल निखळून लोंबू लागले. ते सावरताना गाडी आडवी झाली व एक किटली दूध रस्त्यावर गेले. दादा एवढेच म्हणाले, "तुझी परीक्षेची फी भरली की नवीन घेऊ." रागावले असते तर बरे वाटले असते.

फाट्यावरच्या गॅरेजात मिस्त्रींनी पॅनेल उलटे करून माझ्यापुढे धरले. "शिकलेला ना तू? मग वाच की."

आतल्या बाजूस बारीक अक्षरे होती : एबीएस. मडगार्डच्या आत पाहिले तर तेथे पीपी. सगळे प्लॅस्टिक एकच, हा माझा समज तेथेच गळाला. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकचे अंग पत्र्याचे होते. पोचा आला की ठोकून काढत. प्लॅस्टिक ठोकता येत नाही, त्याची जात ओळखावी लागते. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन. त्यावर ॲसिटोनचा परिणाम नाही आणि साधा गोंदही धरत नाही. अक्षरे पुसली गेली असतील तर एक तुकडा पाण्यात टाकावा. पीपी तरंगते, एबीएस बुडते.

एबीएसमध्ये चिवटपणा येतो तो ब्युटाडाइन या रबरी घटकामुळे. वर्षानुवर्षे उन्हाने तो घटक खराब होतो, मग पॅनेल कडक व ठिसूळ बनते.

आता कृती. तड्याच्या अगदी टोकाला दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडावे. सगळा ताण त्या अणकुचीदार टोकावर एकवटलेला असतो. गोल भोकाभोवती तो पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. माझ्या गोंदाखालून तडा मुकाट्याने वाढत होता, तो यामुळेच. मग आतून हॅक्सॉच्या पात्याने इंग्रजी व्हीसारखी खाच करावी. जुन्या एबीएस पॅनेलचा कीस काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवला की मधासारखा लगदा होतो. (मी प्रथम थर्माकोलचा पेला घेतला होता. सकाळी पेला नव्हता.) हा लगदा पातळ थरांनी भरावा, कारण वाळताना तो आक्रसतो. मागून चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी बसवून वर आणखी थर द्यावा आणि निदान एक दिवस हात लावू नये. ॲसिटोन चटकन पेट घेते, म्हणून चुलीपासून दूर, उघड्यावर काम करावे.

पीपीच्या मडगार्डला सोल्डरिंगचे तापते टोक लागते. पीपीचीच पट्टी वितळवून दोन्ही कडांत कालवायची. वरवर फासलेली पट्टी सोलून येते. माझी दोनदा आली.

हेल्मेटवर मात्र हा प्रयोग कोणी करू नये. ॲसिटोनने त्याचे कवच कमजोर होते, आणि बाहेरून ते दिसत नाही.

पॅनेल परत बसवताना तडा का गेला ते कळले. त्याची खुंटी ज्या रबरी बुचात बसते ते बूच केव्हाच पडून गेले होते, आणि प्रत्येक खड्ड्यात किटली पॅनेलवर आदळत होती. नवे बूच घातले, मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला.

तड्याच्या जागी पांढरट रेघ राहिली आहे. रंग लावू का म्हणून विचारले, तर दादा म्हणाले, "राहू दे, दिवाळीला बघू."