गॉगल लावला म्हणजे पोकलेन येत नाही

व्हीआरवर पोकलेन शिकवायची सिस्टीम आम्ही एका कंपनीला करून दिली. ती फसली, असं ती कंपनी आता गावभर सांगत फिरते. म्हणून हे लिहितोय.

खरी सीट आणि खरे लिव्हर लावा, हे मी पहिल्या मीटिंगपासून सांगत होतो. ट्रेनिंगचे साहेब म्हणाले, "हातातले कंट्रोलर येतात की सोबत. वरचा खर्च कशाला?" वर फर्माईश, खोदताना चित्र हादरवा, खरं वाटलं पाहिजे. खुर्ची जागची हलत नाही आणि डोळ्यांपुढचं जग मात्र हिंदकळतंय, मग पोरांना मळमळणार नाही तर काय! हेही कळवलं होतं.

उद्घाटनाला त्यांनी एका जुन्या ऑपरेटरला बसवलं. गड्याने बकेट भरली, डंपरकडे स्विंग मारला, रिकामी केली. झकास. उठताना मात्र त्याचा डावा हात आपसूक सीटच्या कडेला गेला आणि हवेतच चाचपडत राहिला. लॉकचा लिव्हर शोधत होता. लॉक टाकल्याशिवाय शहाणा ऑपरेटर केबिनबाहेर पाय ठेवत नाही. उतरताना जॉयस्टिकला कोपर लागलं तरी बूम हलत नाही, ती त्याचीच कृपा. आमच्या डिझाइनमध्ये तो होता. "वेळ खातो" म्हणून साहेबांनीच काढायला लावला, मेल आहे माझ्याकडे. "लॉक कुठाय?" असं त्याने विचारलं, तर साहेब माझ्याकडे बघून हसले, "डेव्हलपरकडून राहिलं वाटतं." सगळ्यांसमोर!

असं काम घेणार असाल तर लिव्हरचा पॅटर्न आधी लेखी घ्या. आयएसओत बूम उजव्या हाताला आणि आर्म डाव्या. एसएईत नेमकं उलट. हेडसेटमध्ये एक आणि साईटवर दुसरा निघाला, तर ऐनवेळी हात भलतीकडे जाणार. हेडसेट 90 हर्ट्झचा असेल तर सेकंदाला 90 फ्रेम मिळायलाच हव्यात. त्यासाठी झाडं, ढग, उडती धूळ खुशाल कापा. लोड आला की इंजिनाचा आवाज दबला पाहिजे, कारण ऑपरेटर निम्मं कानाने खोदतो. मुरूम आणि काळी माती बकेटला सारखीच लागत असेल, तर तो मोबाईल गेम झाला. साईटवर जा, ऑपरेटरशी बोला. हे सगळेच सांगतात, जात कोणी नाही.

फोनवर कोणी "तेवढं काढून टाका" म्हणालं, तर फोन ठेवल्या ठेवल्या तेच मेलवर लिहून पाठवा. आणि शेवटचा हप्ता उद्घाटनाआधी घ्या. आमचा अजून त्यांच्या अकाउंट्सकडे 'प्रोसेसमध्ये' आहे.